इंग्रजीतील धातुसाधिते : एक रूप, अनेक कामे



वसंतातल्या संध्याकाळी व्याकरणाचा विषय घेऊन आपल्यासमोर उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम होय. पण पाहा, हे वाक्य उच्चारताना आम्ही 'घेऊन' आणि 'उभे राहणे' ही दोन धातुसाधिते वापरली, आणि आपणांपैकी कोणासही ती कळण्यास अडचण पडली नाही. 'घेणे' हे क्रियापद. त्याचे 'घेऊन' झाले तेव्हा त्याने विधान करण्याचे काम सोडून क्रियाविशेषणाचे काम पत्करले. 'राहणे' या शब्दाने तर सरळ नामाची जागा घेतली. शाळेत ज्याने व्याकरणाचे पुस्तक कधी उघडले नाही तो शेतकरीसुद्धा दिवसातून शेकडो वेळा ही रूपे बिनचूक वापरतो. मात्र त्याचाच मुलगा इंग्रजी शिकू लागला आणि 'जेरंड', 'पार्टिसिपल', 'इन्फिनिटिव्ह' ही तीन नावे त्याच्या कानी पडली, की तो गोंधळतो. हा गोंधळ कोठून येतो आणि तो कसा निवारता येईल, एवढाच आजचा आमचा विषय आहे. आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो : इंग्रजीतील धातुसाधिते समजावून घेताना मराठी हा अडसर नव्हे, तीच किल्ली आहे.

प्रथम मूळ कल्पना स्पष्ट करू. क्रियापदाचे खास काम विधान करण्याचे. 'मुलगा धावतो' यात 'धावतो' या शब्दाने वाक्य पुरे होते. त्याला काळ आहे, पुरुष आहे, वचन आहे. परंतु 'धावणे', 'धावणारा', 'धावत', 'धावून', 'धावायला' या रूपांपैकी एकानेही वाक्य पुरे होत नाही. क्रियेचा अर्थ त्यांच्यात शिल्लक आहे, पण विधान करण्याचा अधिकार गेला आहे. अशी रूपे नामाचे, विशेषणाचे वा क्रियाविशेषणाचे काम करतात. संस्कृत वैयाकरणांनी त्यांना कृदंते म्हटले; मराठीत आपण धातुसाधिते म्हणतो. ग्रीक व्याकरणकार डायोनिसियस थ्रॅक्स याने विशेषणवजा धातुसाधिताला शब्दांच्या आठ जातींत एक स्वतंत्र जात म्हणून स्थान दिले होते. लॅटिनमधील त्याच्या नावाचा अर्थ 'वाटेकरी' असा आहे. काही वाटा क्रियापदाचा आणि काही वाटा नामाचा, म्हणून वाटेकरी. हे नाव मोठे अन्वर्थक आहे. धातुसाधित म्हणजे दोन घरचा पाहुणा, आणि त्याची ही दोन घरे ओळखणे हेच सारे शास्त्र.

आता एक घरगुती उदाहरण घेऊ. पाणी एकच, पण इंग्रजीत 'बॉइलिंग वॉटर', 'बॉइल्ड वॉटर' आणि 'ड्रिंकिंग वॉटर' असे तीन प्रकारांनी त्याचा उल्लेख होतो. मराठीत ही तीन पाणी कोणती? 'बॉइलिंग वॉटर' म्हणजे उकळते पाणी, 'बॉइल्ड वॉटर' म्हणजे उकळलेले पाणी आणि 'ड्रिंकिंग वॉटर' म्हणजे पिण्याचे पाणी. पहिल्या दोहोंतला फरक केवळ पुस्तकी नव्हे. डॉक्टरने रोग्याला 'बॉइल्ड' पाणी पिण्यास सांगितले असता कोणी 'बॉइलिंग' पाणी पाजले, तर व्याकरणाची चूक तोंड पोळवील! पण खरी मौज पहिल्या आणि तिसऱ्या पाण्यात आहे. दोन्हींच्या शेवटी तोच 'इंग' आहे. तरी एक 'उकळते' आणि दुसरे 'पिण्याचे' का? कारण पहिल्या पाण्यात उकळण्याची क्रिया पाणी स्वतः करीत आहे. तिसऱ्यात पाणी काही पीत नाही, ते पिण्याच्या कामी येते. म्हणजे 'बॉइलिंग' हे विशेषण झाले आणि 'ड्रिंकिंग' हे नाम राहिले. त्या नामाला मराठीने षष्ठीचा 'चे' लावून पाण्याशी जोडले, इंग्रजीने नुसते शेजारी ठेवून जोडले. उलट 'ड्रिंकिंग मॅन' म्हटले की तो माणूस खराच पिणारा असतो, आणि काय पिणारा हे सांगण्याचीही गरज उरत नाही.

आगगाडीच्या स्थानकावरील पाट्या या दृष्टीने वाचण्यासारख्या असतात. 'वेटिंग रूम' ही खोली कोणाची वाट पाहत नाही. ती वाट पाहण्याची खोली. 'बुकिंग ऑफिस' हे तिकिटे देण्याचे ठिकाण. पण फलाटावरून सुटलेली 'मूव्हिंग ट्रेन' मात्र स्वतः चालती गाडी असते. मराठीत भाषांतर करताना 'णारा', 'ता', 'त असलेला' यांपैकी काही बसले तर विशेषण समजावे. 'ण्याचा', 'ण्यासाठीचा' असे बसले तर नाम समजावे. ही कसोटी आठवीतल्या मुलालाही लावता येते. इंग्रज माणूस हाच भेद पुष्कळदा आघाताने दाखवतो. 'ड्रिंकिंग वॉटर' म्हणताना त्याचा जोर पहिल्या शब्दावर पडतो. 'बॉइलिंग वॉटर' म्हणताना दुसराही शब्द तितकाच ठासून येतो. कागदावर मात्र हा आघात उमटत नाही, आणि आपली मुले इंग्रजी बहुतेक कागदावरूनच शिकतात.

कागदावर कधीकधी खुद्द इंग्रजालाही निर्णय करता येत नाही. 'मूव्हिंग कार्ट्स कॅन बी डेंजरस' हे वाक्य घ्या. याचा अर्थ 'चालत्या गाड्या धोक्याच्या असू शकतात' असाही होतो आणि 'गाड्या हलवणे धोक्याचे असू शकते' असाही होतो. नोम चॉम्स्की या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६५ सालच्या आपल्या ग्रंथात विमानांविषयीचे असेच एक दुहेरी वाक्य चर्चेस घेतले, आणि तेव्हापासून अशी वाक्ये भाषाशास्त्राच्या वर्गात नेहमीची झाली आहेत. 'कॅन' काढून तेथे 'आर' घातले की चालत्या गाड्या उरतात. 'इज' घातले की गाड्या हलवण्याची क्रिया उरते. मराठीत ही दुविधा उद्भवतच नाही, कारण 'चालत्या' आणि 'हलवणे' ही रूपेच निराळी आहेत.

इंग्रजीवर ही पाळी का आली? याचे उत्तर इतिहासात आहे. सुमारे इ. स. ११०० पूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ही रूपे वेगवेगळी होती. विशेषणवजा धातुसाधिताच्या शेवटी 'एंडे' असे. 'सिंगेंडे' म्हणजे गाणारा, गात असलेला. क्रियेचे नाम करताना 'उंग' किंवा 'इंग' लागत असे. 'लेओर्नुंग' म्हणजे शिकणे, विद्या. पुढील तीनचार शतकांत शब्दांच्या शेवटचे उच्चार झिजत गेले आणि 'एंडे'ची जागाही हळूहळू 'इंग'ने घेतली. दोन भावांची दोन घरे होती, ती एकाच छपराखाली आली. जर्मन ही इंग्रजीची सख्खी बहीण. तिच्यात विशेषणाचा 'एंड' आणि नामाचा 'उंग' आजही निरनिराळे नांदतात. तेव्हा इंग्रजीतील 'इंग' हे मुळात एकच रूप नव्हे, दोन रूपांचा झालेला संगम आहे, हे ध्यानी धरले म्हणजे निम्मा गोंधळ मिटतो.

आता नामाचे काम करणारा 'इंग' जरा जवळून पाहू. 'रीडिंग न्यूजपेपर्स अलाउड इज अ गुड हॅबिट', म्हणजे 'वर्तमानपत्रे मोठ्याने वाचणे ही चांगली सवय आहे'. येथे 'रीडिंग' हा वाक्याचा कर्ता आहे, म्हणून तो नाम. परंतु त्याला स्वतःचे कर्म आहे, 'वर्तमानपत्रे'. आणि क्रियाविशेषणही आहे, 'मोठ्याने'. कर्म आणि क्रियाविशेषण बाळगणे हा क्रियापदाचा धर्म. म्हणजे हा शब्द बाहेरून नाम आणि आतून क्रियापद आहे. याच्या उलट 'द रीडिंग ऑफ न्यूजपेपर्स' म्हटले की आतले क्रियापदही मावळते. 'द' आणि 'ऑफ' यांनी त्याला पुरते नाम करून टाकले. आता त्याला क्रियाविशेषण चालत नाही, विशेषण लागते. मराठीत नेमका हाच भेद 'ग्रंथ वाचणे' आणि 'ग्रंथाचे वाचन' या जोडीत आहे. 'ग्रंथ मोठ्याने वाचणे' आपण म्हणतो. 'ग्रंथाचे मोठ्याने वाचन' कानाला खटकते, 'मोठे वाचन' किंवा 'जाहीर वाचन' म्हणावेसे वाटते. याच वाटेने आणखी पुढे गेले की क्रिया संपून वस्तू उरते. 'बिल्डिंग' हा शब्द मुंबईने आपलासा केला आहे. त्यात बांधण्याची क्रिया कोणाला आठवत नाही, उभी इमारत तेवढी दिसते. आपले 'दळण', 'जेवण', 'लिखाण' हे शब्द याच जातीचे. पिठाच्या गिरणीत जे डोक्यावरून नेतात ते दळण, म्हणजे क्रियेने वस्तूचे रूप घेतले.

विशेषणांकडे वळू. येथे आमच्या विद्यार्थ्यांची एक चूक फार प्रसिद्ध आहे. व्याख्यान ऐकून कंटाळलेला मुलगा इंग्रजीत 'आय ॲम बोअरिंग' म्हणतो. त्याला म्हणावयाचे असते 'मी कंटाळलो'. तो म्हणून बसतो 'मी कंटाळवाणा आहे'. 'इंग' लागलेले विशेषण परिणाम घडवणाऱ्याकडे जाते. 'एड' लागलेले विशेषण परिणाम सोसणाऱ्याकडे जाते. व्याख्यान 'बोअरिंग', श्रोता 'बोअर्ड'. गोष्ट 'इंटरेस्टिंग', ऐकणारा 'इंटरेस्टेड'. (आजच्या व्याख्यानास यांपैकी कोणते विशेषण लावावे, हे आम्ही श्रोत्यांवर सोपवतो.) मात्र 'एड' अथवा भूतकाळी रूप नेहमीच सोसणारे असते असेही नाही. 'स्टोलन वॉच' म्हणजे चोरलेले घड्याळ. तेथे घड्याळाने काही केले नाही, त्याच्यावर क्रिया झाली. पण 'फॉलन लीव्ह्ज' म्हणजे पडलेली पाने. ती स्वतःच पडली. क्रियापद सकर्मक असेल तर एक अर्थ, अकर्मक असेल तर दुसरा. मराठीचा 'लेला' प्रत्यय हीच दोन्ही कामे करतो, म्हणून येथे मराठी मुलाला नवे शिकण्याचे काहीच उरत नाही. फक्त आपल्याच 'चोरलेले' आणि 'पडलेले' या शब्दांकडे एकदा डोळसपणे पाहावयाचे असते.

मराठीशी सर्वच ठिकाणी असा मेळ बसतो असे मात्र कोणी समजू नये. क्रियाविशेषणाच्या कामी आलेल्या धातुसाधितांत मराठी माणसाने फार जपले पाहिजे. 'रस्त्याने चालताना त्याला साप चावला' हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. चालणारा कोण, हे 'त्याला' या शब्दावरून सहज कळते. हेच वाक्य शब्दशः इंग्रजीत नेले की 'वॉकिंग अलाँग द रोड, अ स्नेक बिट हिम' असे होते, आणि इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढे रस्त्याने चालत जाणारा साप उभा राहतो! इंग्रजीचा संकेत असा की, वाक्याच्या आरंभी आलेल्या अशा धातुसाधिताचा कर्ता आणि मुख्य वाक्याचा कर्ता एकच मानावयाचा. आपल्या 'ताना'ला हे बंधन नाही. 'ऊन'ला ते पुष्कळ अंशी आहे. संस्कृतातील 'गत्वा', 'कृत्वा' या रूपांसाठी दोन्ही क्रियांचा कर्ता एक असावा असा नियम पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात घालून दिला आहे. तरी मराठीत 'पाऊस पडून रस्ते ओले झाले' असे आपण म्हणतोच, आणि तेथे पडणारा पाऊस व ओले होणारे रस्ते वेगळे असतात.

ही केवळ वर्गातली चूक असती तर तिच्याकडे काणाडोळा करता आला असता. पण कचेरीतील कागद पाहा. 'चौकशी पूर्ण करून कारकुनास निलंबित करण्यात आले' हे मराठी वाक्य सर्वांच्या परिचयाचे आहे. चौकशी केली अधिकाऱ्याने आणि निलंबनही केले अधिकाऱ्याने. तो वाक्यात दिसत नसला तरी वाक्यामागे उभा आहे. आता इंग्रजीत कोणी लिहिले, 'हॅव्हिंग कम्प्लीटेड द इन्क्वायरी, द क्लार्क वॉज सस्पेंडेड', तर वाक्याचा कर्ता कारकून आहे. म्हणून व्याकरणाच्या हिशोबाने चौकशी त्यानेच केली असे होते! येथे प्रसंगावरून खरा अर्थ लावता येईल. पण करारपत्रात, प्रतिज्ञापत्रात, नोटिशीत, जेथे कोणी काय केले यावरच सारे अवलंबून असते, तेथे असा लोंबकळता शब्द उद्याच्या तंट्याचे बी ठरू शकतो. आणि तो कागद ज्याच्या नावे येतो त्या माणसाला इंग्रजी बेताचे येत असेल, तर आपल्यावर ठपका कोणता ठेवला आहे हेही त्याला नीट उमगणार नाही. 'आफ्टर द इन्क्वायरी वॉज कम्प्लीटेड' अशी सरळ रचना केली की शंकेला जागाच राहत नाही.

आता 'टु' घेऊन येणारे रूप. हेही तिन्ही कामे करते. 'टु फरगिव्ह इज नॉट ईझी' यात ते नाम आहे, क्षमा करणे. घरांवर 'टु लेट' अशी पाटी असते, तेथे ते विशेषण आहे, भाड्याने देण्याचे घर. 'ही केम टु सी मी' यात ते क्रियाविशेषण आहे, मला भेटायला आला. या 'टु'चा मूळ अर्थ 'कडे' असा. जुन्या इंग्रजीत तो शब्दयोगी अव्यय म्हणून क्रियानामापूर्वी येई आणि क्रिया कोठे निघाली आहे ती दिशा दाखवी. आपल्या 'करावयास' या रूपातील 'स' हा चतुर्थीचा प्रत्यय तेच काम करतो. मूळची ही दिशा मनात ठेवली म्हणजे पुढील जोड्या आपोआप उलगडतात. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे त्याने विडी ओढणे थांबवले. 'ही स्टॉप्ड टु स्मोक' म्हणजे तो विडी ओढायला थांबला. एकाची विडी सुटली, दुसऱ्याची पेटली! 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे दाराला कुलूप लावल्याचे मला आठवते. 'रिमेंबर टु लॉक द डोअर' म्हणजे कुलूप लावायला विसरू नकोस. 'इंग' घडलेल्या किंवा चालू असलेल्या क्रियेकडे पाहतो, 'टु' अजून घडावयाच्या क्रियेकडे. या क्रियापदांपुरता हा भेद पक्का आहे; प्रत्येक क्रियापदाला तो लागू करू नये.

एक खड्डा मात्र दाखवून ठेवला पाहिजे. पत्राच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू' असे आपल्याकडे अनेक जण लिहितात; तेथे 'हिअरिंग' हवे. कारण तेथला 'टु' हा क्रियापदाचा सोबती नसून साधे शब्दयोगी अव्यय आहे. ओळखावे कसे? त्याच्यापुढे एखादे साधे नाम ठेवून पाहावे. 'लुकिंग फॉरवर्ड टु युअर लेटर' चालते. म्हणून तेथे नामाचीच जागा आहे आणि 'इंग'चे रूपच बसते. 'आय यूज्ड टु वॉक' म्हणजे मी पूर्वी चालत असे. 'आय ॲम यूज्ड टु वॉकिंग' म्हणजे मला चालण्याची सवय आहे. ही जोडीही याच कसोटीवर सुटते.

काही धातुसाधिते तर इतकी दूर गेली आहेत की त्यांचे माहेर कोणाला आठवत नाही. 'ड्यूरिंग' हा शब्द मुळात 'टिकणे' अशा अर्थाच्या, आता लुप्त झालेल्या क्रियापदापासून निघाला. आज तो निव्वळ 'दरम्यान' या अर्थाचे अव्यय आहे. 'रिगार्डिंग', 'कन्सर्निंग' हेही त्याच वाटेने गेले. मराठीत 'म्हणून' हे 'म्हणणे' या धातूचे 'ऊन' रूप. पण 'पाऊस आला म्हणून थांबलो' यात कोणी काही म्हणत नाही, तो केवळ कारण दाखवणारा शब्द झाला आहे. 'मला सोडून सगळे गेले' यातील 'सोडून' आणि इंग्रजीतील 'एक्सक्लूडिंग' हे तर जणू एकाच शाळेत शिकलेले.

राहिला प्रश्न नावांचा. 'जेरंड' हे नाव लॅटिन व्याकरणातून आले आणि ते इंग्रजीतील नामवजा 'इंग'ला दिले गेले. पण युरोपीय पंडितांनी संस्कृतची व्याकरणे लिहिली, तेव्हा हेच नाव 'गत्वा', 'कृत्वा' या रूपांना दिले. व्हिटनी याच्या १८७९ सालच्या संस्कृत व्याकरणात ते आहे. त्यामुळे एकाच विद्यार्थ्याला संस्कृतच्या तासाला 'जेरंड' म्हणजे 'जाऊन' आणि इंग्रजीच्या तासाला 'जेरंड' म्हणजे 'जाणे' असे शिकावे लागते. तो गोंधळला तर दोष त्याचा नव्हे. खुद्द इंग्रजीच्या व्याकरणकारांचाही या नावांवरील विश्वास पुढे उडाला. क्वर्क आणि त्यांचे सहकारी यांच्या १९८५ सालच्या मोठ्या व्याकरणात दोन नावांचा जुना भेद बाजूस सारला आहे. हडल्स्टन आणि पुलम यांनी २००२ साली दोन्ही नावांचा जोडशब्द करून एकच रूप मानले. रूप एक आहे, कामे अनेक आहेत, म्हणून नाव रूपाला एकच द्यावे आणि काम वाक्यात पाहावे, असा या पक्षाचा मथितार्थ आहे.

आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. इंग्रजी व्याकरणाची ओळख असलेल्या पिढ्यांनी मराठीचे व्याकरण रचले आणि पारखले, हे उघड आहे. आता उलट दिशेने जाण्यास काय हरकत आहे? मराठीच्या जाणत्या कानाने इंग्रजीचे व्याकरण का पाहू नये? पुष्कळ वर्गांत इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द काढण्यास बंदी असते. बोलण्याचा सराव व्हावा म्हणून ती काही वेळ पाळली तर आमची तक्रार नाही. पण धातुसाधिते समजावून सांगताना तिचा आग्रह धरणे म्हणजे विद्यार्थ्याच्या हातातला कंदील काढून घेऊन त्याला अंधारात वाट शोधावयास लावणे होय. तालुक्याच्या गावी शिकणारी, घरात इंग्रजीचे अक्षर नसलेली मुलगी जेव्हा तीन परकी नावे पाठ करते आणि तरी चुकते, तेव्हा आपल्याला बुद्धीच नाही असे तिला वाटू लागते. वस्तुतः 'उकळते', 'उकळलेले' आणि 'पिण्याचे' हे तीन भेद ती बोलू लागल्यापासून जाणते. जे ज्ञान तिच्यापाशी आधीच आहे ते तिला दाखवून देणे एवढेच शिक्षकाचे काम उरते.

त्यासाठी तीन प्रश्न पुरेत. हा शब्द वाक्यात कोणाची जागा अडवून बसला आहे, नामाची, विशेषणाची की क्रियाविशेषणाची? ही क्रिया करणारा कोण, आणि तो वाक्यात आहे काय? आणि मराठीत त्याच्या जागी 'णे', 'ण्याचा', 'णारा', 'लेला', 'ताना', 'ऊन', 'ायला' यांपैकी काय बसते? हे तीन प्रश्न जो विचारील त्याला नावे पाठ नसली तरी अर्थ चुकणार नाही. आणि अर्थ हाती आला की नावेही हळूहळू जिभेवर बसतील.